ओव्यांचें भांडार व त्याच्या धनिणी

जात्यावरील ओव्यांचा जो प्रचंड संग्रह पुणें येथील सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ह्या संस्थेनें केला, आणि जो इ. स. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया (संक्षेपानें ‘पारी’) हें जनसंग्रहालय इंटरनेटवरून क्रमाक्रमानें प्रसिद्ध करीत आलें आहे, त्याचें परीक्षण ह्या त्रैमासिकांत अद्याप आलेलें नाहीं. ह्याचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. आपण रुमालांत बांधलेल्या कागदाचे उपासक. शाई, वळण, शिक्का, मोर्तब ह्यांची पारख करण्यांत आपली हयात गेली. ज्या साधनाला शाई नाहीं व ज्याची कर्ती बहुधा निरक्षर, त्याला साधन म्हणावयास आपली जीभ चटकन् वळत नाहीं. तथापि मागील वर्षभर हा संग्रह आम्हीं जमेल तितका वाचला व ऐकला, आणि ज्या वर्गाचा तो आहे त्या वर्गांतील कांहीं वृद्ध स्त्रियांपुढें निघोजें येथें ठेवून पाहिला. संग्रह कसा आहे हा परीक्षणाचा एक भाग. तो त्याच्या धनिणींकडे परत नेला असतां काय होतें हा दुसरा. दुसऱ्यावर आमचा भर अधिक राहील, कारण पहिल्यांतील बहुतेक शंकांचें निरसन त्यांतच सांपडतें.

संग्रहाचा वृत्तांत थोडक्यांत असा. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ (हे जन्मानें फ्रेंच, पुढें भारताचे नागरिक झाले) ह्यांनीं मुळशी तालुक्यांतील डोंगरी गांवांत गरीब शेतकरी स्त्रियांमध्यें काम करीत असतां इ. स. १९८० नंतरच्या दशकांत ओव्या जमविण्यास आरंभ केला. आज त्यांची गणती १,१०,००० हून अधिक ओव्या, ३,००० हून अधिक गाणाऱ्या आणि १,००० हून अधिक गांवें अशी आहे. पुढें संगीत व संगणक ह्या दोन्ही विद्यांचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांस येऊन मिळाले व सुमारे १२० तासांचें ध्वनिमुद्रण झालें. हें मुद्रण गुरुग्राम येथील आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी ह्या संस्थेंत जतन केलेलें आहे. पॉइटवाँ २००४ सालीं वारले. हेमाताई २०१० सालीं गेल्या. पी. साईनाथ ह्यांनीं डिसेंबर २०१४ मध्यें स्थापिलेल्या ‘पारी’नें हें भांडार पुढें आपल्याकडे घेतलें. नमिता वाईकर, आशा ओगले व मूळ संस्थेंत काम केलेले जितेंद्र मैड ह्यांच्या परिश्रमानें ओव्या, त्यांचे अनुवाद, ध्वनि व चलच्चित्रें आज कोणाही वाचकास घरबसल्या पाहावयास मिळतात.

ह्यांतील एक गोष्ट हस्तलिखितांच्या अभ्यासकानें प्रथमच टिपून ठेवावी. लिहून घेतलेल्या ओव्या लाखावर आहेत. ज्यांचा आवाज उपलब्ध आहे अशा त्यांच्या मानानें फार थोड्या. म्हणजे बहुसंख्य ओव्यांच्या बाबतींत मूळ प्रत नाहीशी झालेली असून नक्कल तेवढी आपल्या हातीं आहे. नक्कलनवीस प्रामाणिक होते ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु प्रामाणिक नक्कलनवीस काय काय करून ठेवतो हें आपल्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

आतां गुण. आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती प्रत्येक गाणारीची नोंद. नांव, गांव, वाडी, तालुका, जिल्हा, वय, शिक्षण, मुलें, व्यवसाय, जात, मुद्रणाची तारीख, आणि पुष्कळ ठिकाणीं छायाचित्र. ही शुद्ध पुष्पिका आहे. पोथीच्या शेवटीं ‘शके अमुक, तिथि अमुक, अमुकानें स्वहस्तें लिहिलें’ ही ओळ दिसली म्हणजे आपला जीव भांड्यांत पडतो. ती ओळ फाटून गेली असली तर आपण दिवसचे दिवस कागदाचा पोत चांचपीत बसतों. ओवीच्या वाट्याला अशी पुष्पिका ह्यापूर्वीं क्वचितच आली. साने गुरुजींनीं १९४० च्या सुमारास ‘स्त्री जीवन’ हा संग्रह सिद्ध केला. त्यामागील कळकळ अजोड होती. परंतु तेथें ओव्या विषयवार लागल्या आहेत, गाणारणींच्या नांवानिशीं नव्हे. ॲक्वर्थ व शाळिग्राम ह्यांच्या १८९१ च्या पोवाड्यांच्या संग्रहाकडे पाहावें. तेथें शाहिराचें नांव कवनांतच गुंफलेलें असल्यामुळें तें वाचलें. जातें ओढणारीनें आपल्या ओवींत स्वतःचें नांव गुंफण्याची रीत नव्हती; तिनें गुंफलें तें भावाचें, लेकाचें, विठ्ठलाचें.

कमलाबाई देशपांडे ह्यांनीं स्त्रीगीतांना ‘अपौरुषेय वाङ्मय’ असें नांव दिलें. नांव चतुर आहे व त्यांतील आदरहि उघड आहे. परंतु मीमांसकांच्या शाळेंत ज्यांनीं चार दिवस काढले त्यांस हा शब्द ऐकतांच वेद आठवतो, आणि वेद अपौरुषेय म्हणजे त्यास कर्ताच नाहीं. ओवीच्या बाबतींत ह्या दुसऱ्या अर्थानें मोठें नुकसान केलें आहे. कर्ता नाहीं म्हणून विचारावयाचें कोणाला? आणि कोणाला विचारावयाचेंच नाहीं तर परत द्यावयाचें तरी कोणाला? ‘पारी’च्या पुष्पिकेनें हा समज मोडून काढला ही तिची थोर कामगिरी होय. ओवी पुरुषानें रचिलेली नाहीं, इतक्याच अर्थानें ती अपौरुषेय आहे. कर्ती आहे, तिला गांव आहे, वय आहे, आणि पुष्कळदा ती अजून जिवंत आहे.

येथें एक अवांतर गोष्ट सांगून टाकतों. ओवीची प्राचीनता सांगतांना सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लासा’चा (इ. स. ११२९, शके १०५१) दाखला सर्रास देण्यांत येतो व महाराष्ट्रांतील स्त्रिया त्या काळींहि दळतांना ओव्या गात, असें अनुमान काढण्यांत येतें. मूळांत शब्द ‘कण्डन’ असा आहे. कण्डन म्हणजे कांडणें. दळणें म्हणजे पेषण. मनुस्मृतींतील पंचसूनांतहि पेषणी व कण्डनी ह्या वेगळ्या गणिलेल्या आहेत. तेव्हां त्या दाखल्यानें उखळावरील ओवी सिद्ध होते. जात्यावरील ओवीसाठीं दुसरा पुरावा शोधावयास पाहिजे. लोक हा दाखला द्यावयाचे सोडतील अशी आशा आम्हांस नाहीं.

आतां निघोजें. हें गांव खेड तालुक्यांत इंद्रायणीच्या कांठीं, देहू व आळंदी ह्यांच्या दरम्यान आहे. तुकोबांच्या गांवाहून येणारें पाणी ज्ञानोबांच्या गांवीं जातांना आमच्या शिवाराला लागून जातें. परंतु आज निघोज्याची ओळख ती नव्हे. चाकणची औद्योगिक वसाहत येथवर पसरली आहे. फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना ३१ मार्च २००९ रोजीं सुरू झाला. त्या मागोमाग महिंद्राचा आला. बाजरीचीं व ज्वारीचीं शेतें होतीं तेथें आज प्लॉट क्रमांक आहेत, सुना कंपनीच्या बसनें पाळीवर जातात, आणि जातें दाराशीं पालथें पडलेलें असतें किंवा लग्नांतल्या हळदीपुरतें उजू केलें जातें. चाकणच्या संग्रामदुर्गाची व फिरंगोजी नरसाळ्यानें इ. स. १६६० त दिलेल्या झुंजीची माहिती विचारावयास आमच्याकडे वर्षाकांठीं चारदोन अभ्यासक येतात. ज्या बायकांनीं ह्या शिवाराचें पीठ पन्नास वर्षें केलें त्यांजकडे कोणी येत नाहीं.

देवळाच्या ओसरीवर ह्यांपैकीं आठ जणी दुपारच्या वेळीं बसतात. सर्वांत लहान अडुसष्ट वर्षांची, सर्वांत वडील आपलें वय ‘पानशेत फुटलं तवा माझा थोरला पोटात होता’ असें सांगणारी. त्यांच्यापुढें आम्हीं मोबाइलवर ‘पारी’चीं ध्वनिमुद्रणें लाविलीं. यंत्र चालविण्यास शेजारचा एक पदवीधर तरुण होता. आमचा उद्देश साधा होता : पोथी वाचतांना अडलें म्हणजे जाणत्या शास्त्र्याकडे जावें, तसें येथें जाणत्यांकडे जाणें.

पहिली ओवी संपण्यापूर्वींच प्रश्न आला, तो ओवीविषयीं नव्हता. ‘गुरुजी, ही बाई कुठली? माहेर कुठलं तिचं?’ आम्हीं नोंद वाचून गांव सांगितलें. ‘हे तर सासर झालं. माहेर?’ माहेराचा रकाना आम्हीं पाहिलेल्या नोंदींत नव्हता. लेखाच्या ओघांत कोठें कोठें माहेराचा उल्लेख येतो, रकाना नाहीं. म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहूं लागल्या. मग त्यांतील एकीनें आम्हांस समजावून दिलें कीं, ओवी माहेरीं शिकावयाची असते. आईच्या मांडीला मांडी लावून, अर्धा खुंटा धरून. सासरीं ती म्हणावयाची.

वाचकहो, ह्या एका वाक्यानें आमच्या डोक्यांत लख्ख प्रकाश पडला. पोथीचें प्राप्तिस्थान व लेखनस्थान ह्यांतील भेद आपण किती कसोशीनें पाळतों! पैठणांत लिहिलेली पोथी तंजावरांत सांपडली म्हणून आपण तिला तंजावरी म्हणत नाहीं. ओवीचें प्राप्तिस्थान म्हणजे सासर. तिचें लेखनस्थान माहेर. मुलगी एका गांवांतून दुसऱ्या गांवीं दिली म्हणजे तिच्या बरोबर ओव्यांची एक शाखा त्या गांवीं जाते. मावळांतील पाठ खेडांत, शिरुरांतला जुन्नरांत असा प्रवास लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर होत आलेला आहे. केवळ सासरच्या गांवावरून ओव्यांचा नकाशा काढला तर तो चुकणार. कोणता पाठ कोणत्या खोऱ्यांतला हें त्यावरून कळणार नाहीं. लाख ओव्यांच्या वंशवृक्षाचें मूळ ज्या एका प्रश्नांत आहे तो प्रश्न ओसरीवर बसलेल्या बाईनें अर्ध्या मिनिटांत विचारला.

दुसरी गोष्ट शब्दांची. एका ओवींत ‘वैरण’ हा शब्द आला. आमच्या तरुण साहाय्यकानें तत्काळ ‘गुरांचा चारा’ असा अर्थ सांगितला व जात्यापाशीं चारा कशाला असा प्रश्नहि स्वतःच केला. म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हंसल्या. जात्याच्या तोंडांत मुठीमुठीनें दाणे घालावयाचे ती वैरण. दुसरीकडे ‘तास’ ह्या शब्दावर तो असाच घड्याळाकडे गेला. ती नांगराची तास होती. हा मुलगा ह्याच गांवांत जन्मलेला, मराठी शाळेंत शिकलेला, आणि आजीच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला आहे. उद्यां ह्या ओव्यांचे इंग्रजी-फ्रेंच अनुवाद करणाराचें काय होईल? ‘पारी’च्या अनुवादकांनीं अशा ठिकाणीं पुष्कळ दक्षता घेतली असल्याचें आम्हांस ठिकठिकाणीं आढळलें, परंतु दक्षता ही माणसाबरोबर असते, पानाबरोबर राहात नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढिली तेव्हां डॉ. सुखटणकरांनीं जेथें पाठ निश्चित वाटला नाहीं तेथें त्या अक्षरांखालीं नागमोडी रेघ घातली. ती रेघ विद्वत्तेचा कळस आहे असें आम्ही समजतों. लाख ओव्यांच्या संग्रहांत अशी रेघ हवी, आणि ती पुसण्याचा अधिकार ओसरीवरच्या म्हाताऱ्यांना हवा.

ह्याच ओघांत विषयवारीविषयीं. संग्रहांत ओव्या वर्गांकांनीं लाविल्या आहेत : सीता, जन्म, लग्न, बहीण-भाऊ, आणि असे कितीएक. शोधणाराला हें फार सोयीचें आहे, व लाखाचा ढीग आंवरावयास दुसरा मार्गहि नाहीं. पण म्हाताऱ्यांनीं एक ओवी ऐकून दुसरी आपण होऊन म्हटली ती त्याच वर्गांतली कधींच निघाली नाहीं. सीतेच्या वनवासाच्या ओवीमागून लेकीला सासरीं धाडण्याची ओवी आली, तिच्यामागून पावसाची, मग पंढरीची. दळण जसें सरतें तशी ओवी ओवीला बोलावते. अर्थाच्या बरोबरीनें एखादा शब्द, एखादी चाल पुढची ओवी ओढून काढते. वर्गीकरणानें माळेचे मणी रंगवार लाविले खरे. दोरा मात्र बाजूस राहिला. जेथें ध्वनिमुद्रण आहे तेथें मूळ क्रम दाखविणें अशक्य नाहीं, आणि तो दाखवावा.

तिसरी गोष्ट सांगावयास आम्हांस थोडा संकोच वाटतो. सासूच्या जाचाची एक ओवी चालू असतां एका बाईनें हात पुढें करून यंत्रावर ठेविला. ‘आवाज कमी करा. ही भिंतीतली ओवी आहे.’ अर्थ असा : पहांटे, पुरुष निजलेले असतां, दोघी जणींनीं चार भिंतींत म्हणावयाची. आपल्या सुनेच्या कानावर ती पडलेली तिला नको होती. त्यावर दुसरी म्हणाली कीं, पडूं दे, तिला कळूं दे आपण काय सोसलें तें. तेथें दोन पक्ष पडले व कोणताच हरला नाहीं. पुढें एका दिवंगत गाणारीचा आवाज लागला. ‘ही बाई आता आहे का?’ असें विचारल्यावर आम्हीं नाहीं म्हटलें, तेव्हां एकीनें डोक्यावरचा पदर सांवरून हात जोडले; दुसरीनें ‘परत लावा’ म्हटलें; तिसरी उठून गेली.

ज्या काळीं ह्या ओव्या गायिल्या गेल्या त्या काळीं गाणारीनें होकार दिला तो समोर बसलेल्या ताईला दिला. तो आवाज उद्यां खिशांतल्या यंत्रांतून साऱ्या जगाला ऐकू जाईल हें तिला ठाऊक असणें शक्य नव्हतें. तेव्हां संग्राहकांनाहि तें ठाऊक नव्हतें. ह्यांत कोणाचा दोष नाहीं. पण होकार जुना झाला आहे व तो नव्यानें मागावयास पाहिजे. ‘पारी’ची मंडळी कांहीं गांवीं परत गेलीं, त्याच गाणारणींना पुन्हां भेटलीं, त्यांचीं चलच्चित्रें घेतलीं हें आम्ही जाणतों व त्याचा गौरव करतों. पुष्कळ संस्थांनीं इतकेंहि केलेलें नाहीं. मात्र भेटणें निराळें, आणि काय ठेवावें, काय झांकावें, काय दुरुस्त करावें हें विचारणें निराळें.

ह्यांत अशक्य असें कांहीं नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागांतील पिच्चनचाचरा व त्यांच्या शेजारच्या लोकांसाठीं इ. स. १९९४ पासून ‘आरा इरिटिचा’ नांवाचा संग्रह उभारण्यांत आला. तेथें मृत माणसाचें चित्र त्याच्या आप्तांस दुःख होऊं नये म्हणून झांकून ठेवतां येतें, आणि पुरुषांची विद्या व स्त्रियांची विद्या वेगवेगळ्या कुलुपांत असते. कुलुपाची किल्ली त्या लोकांतील वडीलधाऱ्यांकडे. दुसरें उदाहरण अमेरिकेंतील. मेन संस्थानांतील पासामाक्वॉडी लोकांचीं गाणीं व कथा जेसी वॉल्टर फ्यूक्स ह्यानें इ. स. १८९० त मेणाच्या नळ्यांवर मुद्रित केल्या. त्या नळ्या पुढें वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें आल्या. शंभरांहून अधिक वर्षांनीं त्या जमातीच्या जाणत्यांनीं तो घरघरता आवाज पुनःपुन्हां ऐकून शब्द उलगडले, आपल्या भाषेंत मथळे दिले, आणि कोणतें गाणें कोणीं कशा रीतीनें वापरावें ह्याच्या खुणा त्यांवर लाविल्या. लायब्ररीनें त्या खुणा आपल्या नोंदींत मान्य केल्या. फ्यूक्सनें घातलेलें नांव खालीं राहिलें. त्यांनीं घातलेलें वर आलें. ह्यास आम्ही उत्तम संपादन म्हणतों.

येथें कोणी म्हणेल कीं, ते वनवासी लोक, त्यांची गोष्ट वेगळी. फार लांब जावयास नको. ह्याच खेड तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकराच्या बाजूला महादेव कोळी व ठाकर ह्यांच्या वाड्या आहेत. पुण्यांत आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था इ. स. १९६२ पासून आहे व तिच्या संग्रहालयांत राज्यांतील आदिवासींच्या वस्तु मांडलेल्या आहेत. कांचेमागील वाद्य कोणत्या प्रसंगीं वाजवावयाचें व कोणत्या प्रसंगीं त्याला हात लावावयाचा नाहीं, हें चिठ्ठीवर मावत नाहीं. तें वाडींतल्या म्हाताऱ्याला ठाऊक असतें. वस्तूला तो प्रश्न लागू आहे, ओवीलाहि आहे.

जातीच्या रकान्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे, जरी ओसरीवर त्याबद्दल एकमत झालें नाहीं. एका बाईनें कडवटपणें विचारलें, ‘दळणाला जात कशाला?’ प्रश्न सोपा नाहीं. माजलगांव येथील भीमनगर वस्तींतील स्त्रियांनीं बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या ह्या संग्रहाचें भूषण आहेत. त्या कोणीं व कोणत्या भोगवट्यांतून गायिल्या हें न कळतां त्या वाचणें म्हणजे अर्धें वाचणें. रकाना ठेवावाच. पण त्यांत काय लिहावयाचें तें गाणारीनें सांगावें, लिहिणारानें तर्क करूं नये. पोथीची पुष्पिका लेखक स्वतःच्या हातानें लिहितो. ओवीची पुष्पिका परक्या हातानें लिहिली गेली, एवढ्या एका फरकानें तिचें प्रामाण्य उणें होतें. गाणारीला किंवा तिच्या लेकीला ती वाचून दाखविली कीं उणें भरून येतें.

आमच्या म्हाताऱ्यांनीं सांगितलेल्या दुरुस्त्या, अर्थ व पाठभेद मिळून फुलस्केपचे दोन ताव झाले. संपादकांकडे धाडण्यापूर्वीं आम्हीं ते ओसरीवर वाचून दाखविले. त्यांत त्यांनीं आणखी सात दुरुस्त्या केल्या, आणि आमच्या एका वाक्यांतील ‘अशिक्षित’ हा शब्द काढावयास लाविला. आम्हीं तो काढला.

काळ थोडा आहे. ज्यांनीं दळलें त्या आज सत्तरीच्या पुढें आहेत. गांवोगांव पिठाची गिरणी आली तेव्हां ज्या लहान होत्या त्यांना ओव्या ऐकून ठाऊक आहेत, दळून नव्हे. आणि वैरण कोणत्या हातानें घालावयाची हें ऐकून कळत नाहीं. ध्वनि राहील, अक्षर राहील, पाठ पारखणारी राहणार नाहीं. कागद दहा वर्षांनीं वाचला तरी चालतो, रुमाल सुका ठेवला कीं पुरे. ह्या साधनाला तशी सवलत नाहीं.

शेवटीं आपल्या घरचें. इनाम कमिशनच्या काळापासून घरधन्यांना कागद दाखविण्याची भीति वाटे. कागद दाखविला तर इनामावर टांच येईल, आणि ती भीति निराधार नव्हती. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं दारोदार फिरून, मन वळवून, कधीं अपमान गिळून दप्तरें मिळविलीं. त्यांच्या मागून जे आले त्यांनीं पोंचपावत्या लिहून दिल्या. आमच्या मंडळाच्या दप्तरांत अशा पावत्यांची एक चोपडी आहे. त्यांतील बऱ्याच पावत्यांवर ‘वाचन होतांच नक्कल घरधन्यास पाठविण्यांत येईल’ असें लिहिलेलें आहे. किती नकला पाठविल्या गेल्या ह्याचा हिशेब त्या चोपडींत नाहीं. आज छायाचित्र घेणें व पाठविणें एका दुपारचें काम आहे. नुसती नक्कल देऊन भागणार नाहीं. त्या घरांतील कोणी वृद्ध जिवंत असतील तर त्यांच्यापुढें बसून आडनांवें, शेतांचीं नांवें, नात्यांचे उल्लेख वाचून घ्यावेत. आपण छापलेल्या कित्येक टीपा त्यामुळें बदलाव्या लागतील.

पुढील सभेपुढें आम्ही हा ठराव ठेवणार आहोंत. चोपडींतील पहिली पावती चाकण पेठेंतील एका घराची आहे. घर जागेवर आहे, वंशज त्याच घरांत राहतात, आणि त्यांचा रुमाल आपल्या कपाटांत, वरून तिसऱ्या फळीवर आहे.